समुद्रातली सुटका: पडद्यावरची आणि पाण्यावरची

1980 सालच्या ‘नॉर्थ सी हायजॅक’मध्ये रॉजर मूर दाढी वाढवून येतो, डोकं चालवायचं असलं की भरतकाम करत बसतो, मांजरांवर जीव टाकतो आणि बायकांचं नाव निघालं की तोंड वाकडं करतो. समोर खलनायक अँथनी पर्किन्स: अडीच कोटी पौंड द्या, नाहीतर समुद्रातली तेलविहीर उडवतो! एवढा मसाला असून चित्रपट थंडच. अर्धाअधिक वेळ माणसं खोलीत बसून बोलतात; शेवटी मोजके पाणबुडे खलनायकाने बळकावलेलं जहाज ताब्यात घेतात.

गंमत अशी, की त्यातला कंटाळवाणा भागच खरा आहे.

कमांडो जहाजावर चढले की काही मिनिटांत ओलीस सुटतात, हा पहिला गैरसमज. सोमाली चाच्यांनी डिसेंबर 2023 मध्ये पळवलेलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज भारतीय नौदलाने मार्च 2024 मध्ये सोडवलं. ‘आयएनएस कोलकाता’ने आधी नेमका मारा करून त्याचं सुकाणू निकामी केलं. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे 2,600 किलोमीटरवर हवाई दलाच्या सी-17 विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो आणि त्यांच्या होड्या समुद्रात उतरल्या. मोहीम चालली जवळजवळ 40 तास. 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुखरूप सुटले. यावर चित्रपट काढला, तर मध्यंतरापर्यंत प्रेक्षक जांभया देतील.

खलाशी नुसते थरथरत बसतात, हेही खोटं. बऱ्याच जहाजांवर ‘सिटाडेल’ म्हणून आतून बंद करता येणारी भक्कम खोली असते. ओलीसच हाती लागले नाहीत, तर चाचे सौदा कशाचा करणार? जानेवारी 2024 मध्ये ‘लीला नॉरफोक’ या जहाजावरचे 21 जण, त्यांतले 15 भारतीय, असेच आत राहिले. मार्कोस चढले तेव्हा जहाजावर चाचे नव्हतेच.

आणि कमांडो आले म्हणजे कोणी मरत नाही? एप्रिल 2009 मध्ये चाच्यांच्या ताब्यातल्या ‘तानित’ या शिडाच्या नौकेवर फ्रेंच कमांडोंनी धडक मारली. चार ओलीस सुटले, त्यांत एक लहान मूल. नौकेचा कप्तान मात्र त्याच गोळीबारात गेला.

चाचे पकडले की पडदा पडतो, तो सिनेमात. ‘रुएन’वरचे 35 जण 23 मार्च 2024 रोजी मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले गेले.