नॅनो : किंमत आणि ओळख

माल कोणासाठी व कसा करावयाचा हे कंपनीतील एक विभाग ठरवितो. तो गिऱ्हाइकापुढे कोणत्या शब्दांत ठेवावयाचा हे दुसरा. दोघांचा मेळ बसला नाही तर काय होते, ते नॅनोने दाखविले. पावसात स्कूटरवर दाटीने बसलेले कुटुंब पाहून रतन टाटांना ही गाडी सुचली. एक लाख रुपये ही पुण्यातील अभियंत्यांनी पाळावयाची मर्यादा. परंतु २००८ साली गाडी दिल्लीच्या प्रदर्शनात आली आणि 'सर्वांत स्वस्त' हीच तिची ओळख होऊन बसली. आमच्या आळीत गाडी घेतात ती शेजाऱ्यांनी पाहावी म्हणूनही! तेथे स्वस्तपणा कोण मिरवील? सिंगूरचा कारखाना साणंदला हलविण्यात वेळ गेला हे खरे. पण ओळख चुकली, हे पुढे टाटांनीही मान्य केले. स्कूटरवाल्यांत वावरणारा माणूस अभियंत्यांशेजारी बसला असता, तर 'पावसात कोरडे राहणारे कुटुंब' हीच ओळख त्याने पुढे केली असती, असे मला वाटते. २०१८ मध्ये नॅनोचे उत्पादन थांबले.