खरोशाचा अंधार आणि फोटोतला रवा

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, खरोशाला जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. आत शिरलं की उजेड झपाट्याने सरतो आणि फोटोत शिल्पावर रवाळ ठिपके उठतात. दोष कॅमेऱ्याला देऊ नका. प्रकाश कणाकणांनी येतो, पावसाच्या थेंबांसारखा, कुठे कमी कुठे जास्त. सेन्सरच्या एका बिंदूवर सरासरी १०,००० कण पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च पडले तर १० चा, म्हणजे तब्बल १० टक्के! आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही; चित्र उजळतं, पण त्याबरोबर हा चढउतारही.

कृष्णधवल केलं की लाल-हिरवे डाग जातात, राखाडी रवा उरतो. तो तितका खटकत नाही, कदाचित अंधार आपण एरवीही बिनरंगीच पाहतो म्हणून: अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांतल्या दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग ओळखता येत नाहीत.

फोन मात्र हा रवा पुसायला बघतो. जांभ्याची बारीक छिद्रंही त्याला रवाच वाटतात, नि दगड खोटा गुळगुळीत होतो. मला रवा चालेल, पुसलेला दगड नाही.

शिल्पाची नोंद ठेवायची असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे तपशीलच हवा. मग लेणं खरोशाचं असो वा किल्ला नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा, ट्रायपॉड लावा, आयएसओ १०० ठेवा, शटर काही सेकंद उघडं राहू द्या. फ्लॅश बंदच ठेवा. समोरून आलेला झोत सावल्या मारतो, आणि सावलीशिवाय झिजलेलं शिल्प नीट दिसत नाही.