दुचाकीस्वारांच्या वायरलेसचा पल्ला

भारतीय मोटारसायकलच्या इतिहासात हरियाणातील फरीदाबाद या औद्योगिक शहराचे नाव आले ते एस्कॉर्ट्स कंपनीमुळे. पोलंडच्या एसएचएल एम 11 या गाडीवर बेतलेली, 173 सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाची राजदूत 1960 च्या दशकात येथे तयार होऊ लागली, आणि पुढे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतही दुधाचे कॅन लादून धावणारी ती गाडी ओळखीची झाली. त्या काळात एकत्र निघालेल्या दोन स्वारांमधला संवाद हॉर्न, हातवारे आणि दिव्याची उघडझाप यांवरच चालत असे. आता हेल्मेटमधला ब्लूटूथ संच किंवा जॅकेटला अडकवलेली वॉकीटॉकी यांनी ती जागा घेतली आहे, पण त्यांच्याबरोबर एक प्रश्नही आला आहे. वेष्टनावर कित्येक किलोमीटरचा पल्ला छापलेला संच रस्त्यावर आल्यावर एक-दीड किलोमीटरवरच का अडखळतो आणि तो पल्ला वाढवायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर रेडिओलहरींच्या स्वभावात आहे, आणि फरीदाबादच्या भूगोलात ते फार स्पष्ट दिसते.

शहराच्या पूर्वेला यमुनेचे सपाट खोरे आहे. मधून दिल्ली-मथुरा रस्ता जातो आणि सप्टेंबर 2015 पासून बदरपूर ते एस्कॉर्ट्स मुजेसर ही उन्नत मेट्रो त्याच्या सोबतीने धावते. पश्चिमेला अरवलीच्या क्वार्टझाइट खडकाच्या टेकड्या आहेत. सूरजकुंड, बडखल आणि मांगर या बाजूंनी वळणे घेत गुरुग्रामकडे जाणारे रस्ते त्यांतूनच गेले आहेत. वॉकीटॉकीच्या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत, म्हणजे एका अँटेनापासून दुसऱ्या अँटेनापर्यंत काढलेल्या सरळ रेषेत प्रवास करतात, त्यामुळे मांगरच्या वळणाआड गेलेला स्वार अर्ध्या किलोमीटरवर असूनही ऐकू येत नाही आणि मोकळ्या सपाटीवरचा स्वार त्याहून कितीतरी लांबून बोलू शकतो.

तरीही सपाटी म्हणजे अमर्याद पल्ला नव्हे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रेडिओलहरींनाही क्षितिज असते. त्याचे किलोमीटरमधले अंतर काढण्यासाठी दोन्ही अँटेनांच्या उंचीची, ती मीटरमध्ये धरून, वर्गमुळे घेतात, त्यांची बेरीज करतात आणि तिला 4.12 ने गुणतात. दोन्ही अँटेना जमिनीपासून 1.5 मीटरवर असतील तर हे उत्तर सुमारे 10 किलोमीटर येते, आणि छापील पल्ल्यामागचा आशावाद बहुधा अशाच हिशेबातून येतो. प्रत्यक्षात मात्र लहरीला एका रेषेपुरती जागा पुरत नाही. त्या रेषेभोवतीची बरीच जाड, मध्यभागी सर्वांत फुगीर पोकळी मोकळी असावी लागते आणि तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. 446 मेगाहर्ट्झच्या लहरीसाठी दोन किलोमीटर अंतरावर या क्षेत्राची मधली त्रिज्या जवळजवळ 18 मीटर भरते. दीड मीटर उंचीच्या अँटेनासाठी त्या क्षेत्राचा खालचा भाग जमिनीतच गेलेला असतो, आणि उरलेल्या भागात ट्रक, झाडे आणि पुलांचे खांब उभे असतात.

याचा परिणाम असा की थेट आलेली लहर आणि रस्त्यावरून परावर्तित होऊन आलेली लहर एकमेकींना बरीचशी पुसून टाकतात, आणि संदेशाची ताकद अंतराच्या वर्गाऐवजी चौथ्या घाताच्या प्रमाणात घटू लागते. इतक्या कमी उंचीवर हा नियम थोड्याच अंतरानंतर लागू होतो, म्हणजे स्वारांचा जवळजवळ सगळा व्यवहार त्याच्याच अमलाखाली चालतो. पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती सोळापट लागते. अर्ध्या वॉटऐवजी पाच वॉटचा, म्हणजे दहापट ताकदीचा संच घेतला तरी पल्ला जेमतेम पावणेदोन पटींच्या आसपास जातो. उलट दोन्ही टोकांच्या अँटेनांची उंची दुप्पट केली की कोणतीही शक्ती न वाढवता पल्ला दुप्पट होतो. पुण्यासाठीचा दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर उभा राहिला त्यामागे हेच गणित आहे.

स्वाराला मनोरा उभारता येत नाही, पण संच कुठे अडकवायचा हे त्याच्या हातात असते, आणि या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या वॉकीटॉकीची अँटेना एका बाजूने शरीराला चिकटलेली असते. मानवी शरीरात पाण्याचा अंश मोठा असल्याने ते या लहरी शोषून घेते, आणि होणारी घट सहज 10 डेसिबल, म्हणजे दहापट भरू शकते. तोच संच जॅकेटच्या खांद्यावरच्या पट्टीला, अँटेना उभी आणि शरीरापासून थोडी सुटी राहील असा लावला आणि बोलण्यासाठी त्याला वायरचा माइक जोडला, तर ही घट बरीच भरून निघते आणि अँटेनाची उंचीही वाढते. दहापट ताकदीच्या संचाने जे साधायचे ते अशा रीतीने फुकट साधते. अँटेना उभी असणेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण एकाची उभी आणि दुसऱ्याची आडवी असेल तर लहरींची कंपनदिशा जुळत नाही आणि मोठा हिस्सा वाया जातो.

शक्ती वाढवण्याचा मोह टाळण्याला कायद्याचेही कारण आहे. भारतात रेडिओलहरींचा वापर मूलतः परवान्याच्या अधीन आहे, आणि 1952 मध्ये स्थापन झालेली वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग ही केंद्र सरकारची शाखा हे काम पाहते. अल्पशक्ती उपकरणांविषयीच्या 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा पट्टा वॉकीटॉकीसाठी परवानामुक्त झाला, मात्र उपकरणाच्या नमुन्याला सरकारी मान्यता असणे बंधनकारक राहिले. ऑनलाइन बाजारात स्वस्तात मिळणारे अनेक संच या पट्ट्याबाहेरही बोलू शकतात, आणि त्यांच्या बेकायदा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला 2025 मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. पोलीस आणि आपत्कालीन सेवा ज्या वारंवारतांवर बोलतात तिथे हौशी गटाची बडबड शिरणे हा खरोखर गंभीर धोका आहे. अधिक मोकळीक हवी असणाऱ्याने परीक्षा देऊन हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना घ्यावा. तो मार्ग कष्टाचा असला तरी रेडिओ खऱ्या अर्थाने शिकवणारा आहे.

गाडीवर स्वतंत्र अँटेना बसवणे हा असा परवाना असणाऱ्यांचाच उपाय होय, कारण परवानामुक्त संचांबाबत अँटेना संचाचीच असावी अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. 446 मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 67 सेंटीमीटर असते, आणि तिच्या पाव लांबीची, म्हणजे 17 सेंटीमीटरची उभी काडी ही सर्वांत साधी अँटेना होय. पण तिला खाली धातूचा पत्रा लागतो, कारण अँटेनाची उरलेली अर्धी बाजू तो पत्रा पुरवतो. मोटारीचे छप्पर हे काम आपोआप करते; मोटारसायकलवर प्लॅस्टिकची आवरणे, रबरी मुठी आणि फोमची सीट यांत पत्र्याला जागाच नसते. म्हणून मागच्या कॅरिअरवर पत्र्याची चकती बसवतात किंवा पत्र्यावाचून चालणारी अर्ध्या तरंगलांबीची अँटेना निवडतात. 27 मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्याची पाव तरंगलांबी पावणेतीन मीटर होते, आणि त्यामुळे त्या पट्ट्याची अँटेना दुचाकीवर बसवणे अवघड जाते.

पल्ल्याचा दुसरा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या बाजूला असतो. स्पार्क प्लगमधली प्रत्येक ठिणगी हा एक छोटा प्रक्षेपकच असतो. जगदीशचंद्र बसूंनी 1895 मध्ये कोलकात्यात बिनतारी संदेशाचे प्रात्यक्षिक केले ते ठिणगीच्याच आधारे. इंजिनाची ही खरखर दबवण्यासाठी रोधक बसवलेला प्लग आणि प्लग-कॅप वापरतात, आणि जुन्या गाडीवर वायरलेस लावणाऱ्याने आधी तेच तपासावे. वाऱ्याचा आवाज त्याहून मोठा शत्रू आहे. माइक ओठांना जवळजवळ टेकेल असा आणि स्पंजच्या टोपीत असला की कमकुवत संदेशातलेही शब्द कळतात. मेट्रोच्या खांबांलगत धावताना आवाज फडफडतो, कारण परावर्तित लहरींमुळे साधारण प्रत्येक 34 सेंटीमीटरवर संदेश बुडतो आणि ताशी 60 किलोमीटर वेगात सेकंदाला जवळजवळ पन्नास बुड्या होतात. अशा ठिकाणी वाक्य आखूड ठेवून दोनदा बोलणे हाच उपाय होय.

हेल्मेटमधल्या नव्या संचांनी वेगळी वाट धरली आहे. ते 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, त्यांची तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर असते आणि अडथळ्यापुढे त्या लहरी लवकर हार मानतात. पण मेश म्हणजे जाळे-पद्धतीत प्रत्येक संच शेजाऱ्याचा संदेश पुढे सरकवतो आणि गट लांबला तरी साखळी टिकते. हेच काम वॉकीटॉकी बाळगणाऱ्या गटात माणसे करू शकतात. सूरजकुंडकडून गुरुग्रामकडे निघालेल्या गटात पुढचा आणि शेवटचा स्वार एकमेकांना ऐकू येत नसतील तर मधल्या एकाने चढावाच्या माथ्यावर, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी लावावी. तिथून त्याला दोन्ही उतार दिसतात, त्यामुळे पुढच्याचा निरोप तो मागच्याला तोंडी सांगू शकतो, आणि शेवटची गाडी माथा ओलांडून गेली की तो तिच्यामागून निघतो.