चिकपेटचा लांबलचक फोटो

झांग झेदुआनने रंगवलेले नदीकाठच्या बाजाराचे चिनी गुंडाळीचित्र सुमारे २५ सेंटिमीटर उंच, पण ५ मीटरहून लांब आहे. ते उजवीकडून डावीकडे, हातभर उलगडत पाहायचे. बंगळुरूच्या चिकपेटसारख्या अरुंद, साड्यांच्या दुकानांनी गच्च भरलेल्या पेठेचा फोटो असाच काढावा. एका जागी उभे राहून कॅमेरा फिरवला, तर जवळची दुकाने फुगतात. म्हणून समोरच्या कडेने चालत, दर दोन पावलांवर एक फोटो घ्यायचा. प्रत्येकात आधीच्याचा साधारण तिसरा हिस्सा यावा. दुकाने बंद असताना हे सोपे, पण मग ते चिकपेट कसले! जोडताना विजेच्या तारा तुटतात, हातगाडी दोनदा दिसते. दिसू द्यावी. हान शीझाईच्या रात्रमैफलीच्या प्रसिद्ध गुंडाळीचित्रातही यजमान पुन्हा पुन्हा दिसतोच.