लहान क्लबाचे मोठे गणित

खळ्यावरचं धान्य घरात आलं न आलं तोच एखाद्याला ते बाजारात न्यावं लागतं. त्याचा शेजारी मात्र भाव चढेपर्यंत कणगी भरून ठेवतो. पीक दोघांचं सारखंच. फरक एवढाच, की पहिल्याच्या दारात सावकार उभा असतो. आज इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबाची हकीकत सांगायची आहे. तिचे मर्म या फरकातच आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचे शहर आहे. तेथला ‘ब्रायटन अँड होव्ह अल्बियन’ हा क्लब १९०१ साली स्थापन झाला. १९९० नंतरच्या काळात तो कर्जात बुडाला आणि कारभाऱ्यांनी चक्क खेळाचे मैदानच विकले. १९९७ मध्ये तेथे शेवटचा सामना झाला. पुढे त्या जागी दुकाने उभी राहिली. त्याच वर्षी ३ मे रोजी हेरफर्डविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला, म्हणून क्लबाची लीगमधली जागा कशीबशी वाचली. मग दोन वर्षे ‘घरचे’ सामने सुमारे ७५ मैलांवरच्या जिलिंगहॅमला! त्यानंतर बारा वर्षे, धावण्याच्या शर्यतींसाठी असलेल्या मैदानावर दिवस काढले.

२००९ साली टोनी ब्लूम हे क्लबाचे अध्यक्ष झाले. ते ब्रायटनचेच. त्यांचे आजोबा एके काळी क्लबाचे उपाध्यक्ष होते. गणित शिकलेल्या या गृहस्थांनी पैसा मिळवला तो पैजांच्या व्यवसायात. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी क्लबाला कोट्यवधी पौंडांचे कर्ज दिले, पण बिनव्याजी. २०११ मध्ये नवे मैदान उभे राहिले आणि २०१७ मध्ये, चौतीस वर्षांनी, क्लब पुन्हा वरच्या श्रेणीत पोहोचला.

आता आपण विचाराल, नुसत्या कर्जावर किती दिवस चालणार? येथे खेळाडूंच्या देवघेवीचा भाग येतो. खेळाडू म्हणजे काही बाजारातला बैल नव्हे. त्याचा क्लबाशी ठरावीक वर्षांचा करार असतो. मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या क्लबाला तो हवा असेल, तर पहिल्या क्लबाला भरपाई द्यावी लागते. आपण जिला ‘विक्री’ म्हणतो ती हीच. करार जितका लांब, तितकी अडवून धरण्याची ताकद जास्त.

ब्रायटनची माणसे आकडेवारीच्या मदतीने, इतरांची नजर फारशी जात नाही अशा ठिकाणी तरुण खेळाडू शोधतात. मोइसेस कैसेदो हा इक्वेडोरचा मुलगा २०२१ मध्ये सुमारे ४५ लाख पौंडांना आला. २०२३ च्या जानेवारीत आर्सेनल या बड्या क्लबाने त्याच्यासाठी ७ कोटी पौंडांपर्यंत देऊ केले. खुद्द खेळाडूने जाऊ द्या म्हणून विनवले. ब्रायटनने नकार दिला आणि मार्चमध्ये त्याच्याशी नवा लांब करार केला. ऑगस्टमध्ये चेल्सीने १० कोटी पौंड मोजले. शिवाय अटी पुऱ्या झाल्यास आणखी दीड कोटी द्यायचे ठरले.

७ कोटींना ‘नाही’ म्हणायला छाती लागते, हे खरे. पण त्याहून जास्त लागते ती उसंत. दारात सावकार असता तर जानेवारीतच होकार द्यावा लागला असता. मालकी आणि व्यापार या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, त्या अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

दुसरे सूत्र तर आपल्या शेतकऱ्याला सांगायलाच नको: नवे खोंड दावणीला आल्याशिवाय जुना बैल सोडू नये. कैसेदो गेला त्याच महिन्यात फ्रान्समधून एकोणीस वर्षांचा कार्लोस बालेबा आला. आदल्या वर्षी कुकुरेया चेल्सीला गेला, तेव्हाही त्याच्या जागी एस्तुपिन्यान लगेच आणला होता.

फळ काय मिळाले? २०२२-२३ च्या हंगामात क्लब सहावा आला आणि प्रथमच युरोपीय स्पर्धेस पात्र ठरला. परंतु पुढच्याच हंगामात तो अकरावा आला. आणलेला प्रत्येक तरुण चमकतो असेही नाही. शिवाय ज्याच्या नावाचा सदरा मुलाने हौसेने अंगात घातला, तोच खेळाडू पुढच्या वर्षी दुसऱ्यांकडून खेळताना दिसतो. हे दुःख हिशेबाच्या वहीत कुठे मांडायचं?

आणखी एक काळजी आहे. बिनव्याजी असले तरी कर्ज ते कर्जच, आणि हा सारा डोलारा एका माणसाच्या आस्थेवर उभा आहे. मैदान विकणारेही क्लबाचे कारभारीच होते, हे ब्रायटनचे लोक विसरलेले नाहीत. म्हणून क्लब कोणता खेळाडू विकतो एवढेच पाहून भागत नाही. आलेला पैसा कुठे जातो, आणि ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्याच्यात उरते की नाही, हेही पाहावे लागते. गावच्या सोसायटीचा हिशेब तपासतानाही हाच प्रश्न विचारायला हरकत नाही.