स्वतःच्या मेल सर्व्हरशी कार्यालयीन संगणकाची जोडणी : पत्रव्यवहार सुरक्षित ठेवण्याची पद्धत

माती परीक्षण अहवाल, कीड-रोगांची छायाचित्रे, बियाण्यांची मागणी, प्रशिक्षणाची निमंत्रणे असा कृषी विस्ताराचा बराचसा पत्रव्यवहार आता ई-मेलद्वारे होतो. काही संशोधन संस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्या त्यासाठी स्वतःचा मेल सर्व्हर चालवितात. पत्त्यावर संस्थेचे नाव येते, पत्रे संस्थेच्या ताब्यात राहतात आणि कर्मचारी बदलला तरी जुना पत्रव्यवहार नव्या व्यक्तीकडे सोपविता येतो. मात्र अशा सर्व्हरच्या देखभालीची जबाबदारीही संस्थेवरच येते.

या जबाबदारीचे स्वरूप चेन्नईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १ डिसेंबर २०१५ रोजी झालेल्या अतिवृष्टीनंतर अड्यार नदीला पूर आला, विमानतळ बंद करावे लागले आणि शहराच्या अनेक भागांत वीज, दूरध्वनी व इंटरनेट सेवा काही दिवस खंडित झाल्या. त्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये ‘वरदा’ आणि डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ या चक्रीवादळांचा फटका शहराला बसला. अशा काळात संस्थेच्या इमारतीतील सर्व्हर बंद पडणे स्वाभाविक आहे. जुनी पत्रे तेव्हा वाचता येतील का, हे पुष्कळ अंशी संगणकावरील मेल प्रोग्राम आधी कसा जोडला होता यावर अवलंबून असते.

बेभरवशाची वीज आणि संपर्क गृहीत धरून काम करण्याची परंपरा याच शहरात आहे. चेन्नईच्या तरमणी भागातील एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९८ मध्ये पुदुच्चेरी परिसरात ग्राम ज्ञान केंद्रांचा प्रकल्प सुरू केला. विलियनूर येथील मुख्य केंद्रात माहिती संकलित करून ती स्थानिक तमिळ भाषेत गावकेंद्रांकडे पाठविली जाई. दूरध्वनीच्या तारांवर सर्वत्र विसंबता येत नसल्याने बिनतारी संदेशवहनाचा आणि विजेसाठी सौरऊर्जेचाही उपयोग करण्यात आला. संपर्क तुटेल हे धरून आधीच तजवीज करावी, हे तत्त्व ई-मेललाही लागू पडते.

जोडणीपूर्वी मिळवावयाची माहिती

थंडरबर्ड हा संगणकावर वापरण्याचा नि:शुल्क मेल प्रोग्राम येथे उदाहरणादाखल घेतला आहे. इतर प्रोग्राममध्येही हीच माहिती लागते. सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात : सर्व्हरचे पूर्ण नाव, वापरकर्ता-नाव (बहुधा संपूर्ण ई-मेल पत्ता), पासवर्ड, आणि येणाऱ्या व जाणाऱ्या पत्रांचे पोर्ट क्रमांक. मोठ्या सेवांची माहिती प्रोग्राम आपोआप शोधतो. संस्थेच्या सर्व्हरबाबत तसे घडेलच असे नाही. अशा वेळी स्वतः माहिती भरण्याचा पर्याय निवडावा.

येणारी पत्रे : आयमॅप की पॉप-३?

पत्रे उतरवून घेण्याच्या दोन पद्धती आहेत. पॉप-३ पद्धतीत पत्र संगणकावर उतरते आणि मांडणीनुसार सर्व्हरवरून लगेच किंवा काही दिवसांनी काढून टाकले जाते. तो संगणक बिघडला तर पत्राची एकमेव प्रतही जाते. आयमॅप पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवर राहते आणि कार्यालयातील संगणक व शिवारातील मोबाईल या दोन्हींवर एकच इनबॉक्स दिसतो. विस्तार कार्यासाठी आयमॅपच सोयीचे. त्यासाठी पोर्ट ९९३ आणि सुरक्षेच्या रकान्यात एसएसएल/टीएलएस निवडावे.

यानंतर खात्याच्या मांडणीत ‘या संगणकावर पत्रांची प्रत ठेवा’ अशा आशयाचा पर्याय चालू असल्याची खात्री करावी. सर्व्हर बंद असतानाही जुने अहवाल वाचता येतात ते या प्रतीमुळेच.

जाणारी पत्रे : येथे चूक अधिक होते

पत्रे पाठविण्यासाठी एसएमटीपी हा वेगळा विभाग भरावा लागतो. येथे पोर्ट ४६५ असल्यास एसएसएल/टीएलएस, तर ५८७ असल्यास स्टार्टटीएलएस निवडावे. पोर्ट २५ हे सर्व्हर-सर्व्हरमधील देवाणघेवाणीसाठी असते. अनेक इंटरनेट सेवा ते ग्राहकांसाठी बंद ठेवतात, म्हणून ते भरू नये.

पत्ता संस्थेचा आणि पाठविणारा सर्व्हर दुसऱ्याच सेवेचा, अशी सरमिसळ टाळावी. संस्थेच्या डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी असतात. कोणत्या सर्व्हरला संस्थेच्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार आहे हे पहिली नोंद सांगते. दुसरीच्या आधारे पत्रावरील डिजिटल स्वाक्षरी पडताळली जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आपल्याकडे पत्र पाठविणाऱ्या प्रत्येक डोमेनसाठी यांपैकी किमान एक नोंद आवश्यक केली आहे. अनधिकृत सर्व्हरवरून गेलेला कीड-इशारा शेतकऱ्याच्या स्पॅममध्ये पडण्याची किंवा नाकारला जाण्याची शक्यता असते. स्पॅममध्ये पडल्यास पाठविणाऱ्याला मात्र तो पोहोचला असेच वाटत राहते.

प्रमाणपत्राची सूचना

जोडणी करताना सर्व्हरची ओळख पटत नाही अशी सूचना आल्यास ‘अपवाद मान्य करा’ असे बटण घाईने दाबू नये. सर्व्हरचे नाव चुकीचे भरले जाणे, प्रमाणपत्राची मुदत संपणे किंवा ते मान्यताप्राप्त यंत्रणेचे नसणे, ही नेहमीची कारणे आहेत. मात्र मधल्या मध्ये कोणी पासवर्ड चोरू पाहत असेल तरीही अशीच सूचना दिसते. म्हणून आधी सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीशी बोलावे.

सर्व्हर बंद पडल्यास

सर्व्हर बंद आहे म्हणून येणारे पत्र तत्काळ नष्ट होत नाही. पाठविणारा सर्व्हर ते रांगेत ठेवून पुन:पुन्हा प्रयत्न करतो. प्रचलित मानकानुसार हे प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालावेत अशी अपेक्षा आहे. त्यानंतर पत्र परत जाते. म्हणजे पाठविणाऱ्या सर्व्हरने हे मानक पाळले तर संस्थेच्या हाती सुमारे चार दिवस असतात. पूरप्रवण भागात सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नये आणि पत्रे तात्पुरती स्वीकारणाऱ्या दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरची व्यवस्था आधीच करावी.

आयमॅपमुळे मिळणारी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. सर्व्हरवर पत्र पुसले गेले की संगणकावरील प्रतही पुसली जाते. म्हणून महत्त्वाची पत्रे दरमहा प्रोग्राममधील स्थानिक फोल्डरमध्ये कॉपी करावीत आणि त्या फोल्डरची प्रत बाह्य डिस्कवर घेऊन ती वेगळ्या इमारतीत ठेवावी.

अखेरची चाचणी

जोडणी पूर्ण झाल्यावर बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर मराठी मजकूर आणि छायाचित्र असलेले पत्र पाठवावे. ते इनबॉक्समध्ये पोहोचले का, अक्षरे नीट दिसतात का, त्याला दिलेले उत्तर परत येते का आणि पाठविलेले पत्र मोबाईलवरही दिसते का, हे तपासावे. शेवटी संगणकाचे इंटरनेट काही वेळ बंद करून एखादा जुना अहवाल उघडून पाहावा. तो जोडपत्रासह उघडला, तर पुढील पावसाळ्यात सर्व्हर बंद पडला तरी विस्तार कार्यकर्त्याला शेतकऱ्याचा अहवाल हाताशी मिळेल.