धूलिकवचे, रूपविकारी ताऱ्यांभोवतील

उत्क्रांतीच्या उत्तरावस्थेतील तांबड्या राक्षसी ताऱ्यांनी बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्यातून सूक्ष्म घन कण बनतात. या कणांच्या ताऱ्याभोवतालच्या विस्तृत आवरणास धूलिकवच म्हणतात. हे आवरण ताऱ्याचा दृश्य प्रकाश शोषून घेते व ती ऊर्जा अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकते. त्यामुळे त्याचा अभ्यास मुख्यत्वे अवरक्त वेधांनी करतात.

सूर्याइतके वा त्याच्या काही पट द्रव्यमान असलेले तारे अखेरीस प्रचंड फुगतात. त्यांच्या पृष्ठाचे तापमान सु. ३,००० के. असते व शेकडो दिवसांच्या आवर्तकालाने ते स्पंदन पावतात. तिमिंगल तारकासमूहातील मीरा (आवर्तकाल सु. ३३२ दिवस) हा यांचा नमुनेदार तारा होय. स्पंदनामुळे बाह्य थर वर उचलले जातात व पुरेसे थंड झाल्यावर त्यांत कण बनतात. प्रकाशाच्या दाबाने कण बाहेर ढकलले जातात आणि वायूलाही सोबत ओढून नेतात.

सु. ३०० के. तापमानाच्या धुळीचे प्रारण १० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते. ऑक्सिजनविपुल ताऱ्यांच्या वर्णपटात ९.७ व १८ मायक्रॉनजवळ सिलिकेटांची, तर कार्बनविपुल ताऱ्यांच्या वर्णपटात ११.३ मायक्रॉनजवळ सिलिकॉन कार्बाइडाची खूण आढळते. यावरून धुळीचे संघटन कळते.

कवच किती दाट असू शकते, हे सिंह तारकासमूहातील सीडब्ल्यू लिओनिस या कार्बनविपुल ताऱ्यावरून दिसते. नॉयगेबाउअर व लेटन यांच्या २.२ मायक्रॉन सर्वेक्षणात तो सापडला. १९६९ मध्ये तो ५ मायक्रॉन तरंगलांबीस सूर्यकुलाबाहेरील सर्वांत तेजस्वी ज्योती म्हणून नोंदला गेला. मघा ताऱ्याच्या पश्चिमेस सु. ५° वरील हा तारा सातारा व सांगली येथून मार्चअखेर रात्री दहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो. परंतु कवचामुळे नुसत्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही. मीरा मात्र तेजस्वी असताना तेथून सहज दिसतो.

हवेतील बाष्प अवरक्त किरण शोषते. शिवाय हवा व दूरदर्शक स्वतःही ते उत्सर्जित करतात. म्हणून वेधांसाठी उंच, कोरडी ठिकाणे, फुगे वा उपग्रह वापरतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंमी. व्यासाचा दूरदर्शक हैदराबादहून फुग्याद्वारे वर पाठवून दूर अवरक्त वेध घेतले. अबू पर्वतावरील १.२ मी. दूरदर्शकाने निकट अवरक्तात चंद्राकडून होणाऱ्या पिधानांचे वेध घेऊन अशा ताऱ्यांचे कोनीय व्यास मोजण्यात आले. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाने १२, २५, ६० व १०० मायक्रॉन पट्ट्यांत जवळजवळ सर्व आकाश पाहिले.

या कवचांतील द्रव्य कालांतराने आंतरतारकीय अवकाशात मिसळते व त्यातून नवे तारे आणि ग्रह बनतात. पृथ्वीवरील कार्बनाचा काही भागही अशा ताऱ्यांतून आलेला आहे.